कादंबरीस वाचक हवा



स्वखर्चानें कादंबरी छापलेल्या लेखकाच्या घरीं जाण्याचा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांना आला असेल. आधीं चहा येतो, मागोमाग कादंबरीची प्रत येते, आणि मग आपली नजर नकळत पलंगाखालच्या गठ्ठ्यांकडे जाते. त्या गठ्ठ्यांत घरची शिल्लक तर अडकलेली असतेच. पण आपलें लिहिणें कोणीतरी वाचील ही आशाही तेथेंच धूळ खात पडलेली असते.

अशा लेखकास आप्तेष्ट सल्ला देतात, "ग्रंथालयांना प्रती वाटून टाका." सल्ला वाईट नाहीं, पण अपुरा आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं पांच सूत्रें मांडलीं. त्यांतील एकाचा भाव असा कीं, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक भेटला पाहिजे. कपाटांत जागा मिळणें म्हणजे वाचक मिळणें नव्हे.

जो स्वतः पुस्तक प्रसिद्ध करतो, तो कायद्याच्या दृष्टीनें प्रकाशकच होय. १९५४ च्या कायद्यान्वयें कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेंच मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांस एकेक प्रत स्वखर्चानें पाठविणें त्याचें कर्तव्य आहे. तें आधीं उरकावें. मग आपल्या गांवाकडे वळावें.

महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला. मान्यताप्राप्त ग्रंथालयें बहुतेक स्थानिक संस्थाच चालवितात, आणि सरकार त्यांस अ, ब, क, ड या वर्गवारीप्रमाणें अनुदान देतें. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतें. तिच्यासाठीं कादंबरी अवश्य पाठवावी. पण अनुदानाच्या रकमेंतून काय घ्यावें, हें ठरविण्यांत स्थानिक मंडळीचा हात असतो. म्हणून नम्रपणें एक तरी प्रत विकत घ्यावयास सांगावें. फुकट आलेल्या पुस्तकाची निवड कोणी केलेली नसते. पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकाची कोणीतरी केलेली असते.

नागपुरांत शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. १९२३ सालीं स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आहे. मोहल्ल्यामोहल्ल्यांतून लहानमोठीं वाचनालयें आहेत. या सर्वांच्या दारीं एकाच आठवड्यांत गठ्ठा घेऊन फिरूं नये. ज्या दोनतीन ठिकाणीं आपण स्वतः सभासद आहों, तेथून आरंभ करावा. जो लेखक दुसऱ्यांचीं पुस्तकें वाचावयास कधीं आला नाहीं, त्याचें पुस्तक इतरांनीं कां वाचावें?

पहिली प्रत ग्रंथपालांस द्यावी. उन्हाळ्याच्या सुटींत, दुपारच्या रखरखाटांत घराबाहेर पडवत नाहीं, तेव्हां सभासद आदल्या संध्याकाळींच येऊन विचारतात, "कांहीं नवें आहे का?" त्या प्रश्नाचें उत्तर लेखक देत नाहीं, ग्रंथपाल देतात. त्यांनीं कादंबरी वाचली असेल तरच तिचें नांव त्यांच्या तोंडीं येईल. एखाद्या संध्याकाळीं वाचनकक्षांत एक प्रकरण मोठ्यानें वाचून दाखवावें. त्या दिवशीं विक्रीचें टेबल मांडूं नये. श्रोते काय म्हणतात तें ऐकावें.

मग दोन महिन्यांनीं जाऊन पुस्तकाच्या शेवटीं चिकटविलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. कोठें ही नोंद आतां संगणकावरही मिळते. चिठ्ठी कोरी असेल तर मन खट्टू होईल. पण तो निकाल स्नेह्यांच्या स्तुतीपेक्षां अधिक प्रामाणिक असतो, आणि पुढच्या कादंबरीस तोच उपयोगी पडतो. चिठ्ठीवर पांचसात शिक्के असतील, तर समजावें कीं पांचसात अनोळखी घरांत आपण रात्रीं पाहुणे होऊन आलों.

शेवटीं आपणां वाचकांस एक विनंती. पुढील खेपेस वाचनालयांत जाल तेव्हां आपल्याच गांवच्या एखाद्या अपरिचित लेखकाची कादंबरी मागून पाहा. आवडली नाहीं तर परत करतां येईल. परंतु मागितल्यावांचून ती कपाटाबाहेर कशी येणार?