आधीच्या मालकाची सवय



जुन्या गाड्या तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा प्रश्न एकच असतो. हातात बारा लाख रुपये आहेत. त्यात नवी मध्यम गाडी येते आणि आठ-नऊ वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा मर्सिडीजही येते. कुठली घ्यावी? विचारताना त्यांचे डोळे दुसऱ्या गाडीबद्दलच बोलत असतात. मला ती हौस फार जवळची वाटते. रस्त्याच्या कडेला उभं राहून ज्या गाडीकडे आपण लहानपणी पाहत राहिलो, ती एक दिवस आपल्या दारात असावी, यात वावगं काहीच नाही. पण त्या गाडीच्या बोनेटखाली टर्बो असतो, आणि टर्बोचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, एवढं सांगायला मी आज उभा आहे.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे ताकद हवी तर इंजिनात हवा जास्त कोंबली पाहिजे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली टर्बोचं पेटंट घेतलं ते याच विचारातून. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरायची. आजच्या गाडीत हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपास तापलेला वायू असतो. बहुतेक टर्बोंत या दांड्याला आधार म्हणाल तर इंजिन ऑइलचा एक पातळ थर. दांडा त्या थरावर तरंगतो. तेच ऑइल पुढे टाइमिंग चेनला, पिस्टनला, सगळ्यांना पुरतं. ऑइल जुनं झालं, कमी पडलं किंवा तापून करपलं की पहिला घाव या दांड्यावर बसतो.

टर्बो लावलेल्या पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी एक म्हणजे १९६२ची अमेरिकन ओल्ड्समोबिल जेटफायर. दाबलेली हवा तापते आणि इंजिनात ठोके येतात, म्हणून कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक टाकी दिली होती. ती वेळोवेळी भरायची, एवढंच काम मालकाकडे होतं. कित्येकांनी भरली नाही. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी केला जाई, मग गाडी ओढत नाही अशी तक्रार. शेवटी १९६५ साली कंपनीने गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. टर्बोचं आयुष्य मालकाच्या शिस्तीवर टिकतं, हे अगदी आरंभीच दिसून आलं होतं.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरची बीएमडब्ल्यू ३३५आय घ्या. तिचं दोन टर्बोंचं तीन लिटर इंजिन २००६ साली आलं, ३०६ अश्वशक्तीचं. २००७ साली 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मान त्याला मिळाला. आणि त्याच इंजिनाच्या उच्च दाबाच्या इंधनपंपासाठी अमेरिकेत कंपनीला वॉरंटी दहा वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली. इंजिन एकच, गौरवही खरा आणि पंपाचं दुखणंही खरं. म्हणून 'ही कंपनी चांगली, ती वाईट' या भाषेत मला उत्तर देता येत नाही.

आता कामगिरी म्हणजे काय, तेही बघू. आपल्याकडे २०१२ साली आलेल्या बीएमडब्ल्यू ३२०डीचं डिझेल इंजिन १८४ अश्वशक्ती देतं. पण घाटात उपयोगी पडतो तो त्याचा ३८० न्यूटन मीटरचा टॉर्क. तो १७५० फेऱ्यांवरच हाती येतो, म्हणून खंबाटकी चढताना पुढचा ट्रक ओलांडायला गिअर खाली टाकून इंजिन किंचाळवावं लागत नाही. हे सुख खरं आहे, रोजचं आहे. त्या पिढीच्या इंजिनांत टाइमिंग चेन मात्र गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन बदलायची वेळ आली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो किंवा अख्खं इंजिनच खाली घ्यावं लागतं. गाडीची किंमत साठ-सत्तर टक्क्यांनी उतरते, मजुरी आणि स्पेअर पार्टची उतरत नाही. चाळीस लाखांच्या गाडीचे पार्ट तुम्ही बारा लाखांत घेतलेल्या गाडीलाही त्याच भावाने लागतात. म्हणून मी सांगतो, पाचातला एक रुपया बाजूला ठेवा. बारा लाख असतील तर साडेनऊची गाडी बघा. ते जमत नसेल, तर टर्बो नसलेली जुनी कॅमरी हायब्रिड घ्या. तिच्या अडीच लिटर इंजिनावर एवढा ताणच नाही. तिच्यात थरार कमी आहे, पण रात्रीचा लांबचा प्रवास ती निवांत करते.

माझ्या एका चुकीबद्दल सांगतो. मी स्वतः एक टर्बो पेट्रोल गाडी घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. सहा वर्षांत फक्त ३८ हजार किलोमीटर, एकच मालक, आतून नव्यासारखी. कमी पळालेली म्हणजे ठणठणीत, असं धरून मी ऑइलच्या पावत्या मागितल्याच नाहीत. चार महिन्यांनी घाटात शिट्टीसारखा आवाज आला, मागे निळा धूर, आणि गाडी बसली. खालची ऑइल पॅन उघडली तेव्हा आत डांबरासारखा गाळ होता. आधीचे मालक घर ते दुकान, दोन-तीन किलोमीटर, एवढंच चालवत. अशा फेऱ्यांत ऑइल कधी पुरतं तापत नाही, त्यात पेट्रोल आणि पाण्याचा अंश साचत राहतो. सहा वर्षांत ते दोनदा बदललं होतं. युरोपात काही गाड्यांना ३० हजार किलोमीटरपर्यंत ऑइल चालेल असं कंपन्या सांगत. आपल्या धुळीत, गर्दीत आणि उन्हाळ्यात मी दहा हजारांच्या पुढे जाऊ देत नाही. तेव्हापासून मीटरचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत आणखी एक अडचण येते. आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहतच नाही, म्हणून तिथे काजळी धुतली जात नाही. ती काढायला अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या जोराने मारतात. असं काम झालेली पावती फाइलमध्ये दिसली, तर मला त्या मालकाबद्दल आदर वाटतो.

दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांबद्दल दोन शब्द. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने बंदीचा आदेश दिल्यानंतर अशा गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. किमतीत इथला रस्ता कर, एनओसी आणि बँकेचा बोजा उतरवल्याचा कागद मोजून मगच बोला. गालिचा उचलून सीटच्या रुळांवर गाळ किंवा गंज आहे का, हेही बघा. पुरात बुडालेली गाडी तिथे सापडते.

आणि गाडी बघायला सकाळीच जा. मालकाला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा; ते गार असलं पाहिजे. मग सुरू करताना रेडिओ बंद, खिडकी उघडी, आणि पहिली तीन सेकंदं फक्त कान द्या. चेनची खडखड त्या तीन सेकंदांत ऐकू येते, नंतर ऑइलचा दाब आला की ती झाकली जाते. स्कॅनर लावा. त्यात एकही दोष नाही, पण तपासण्या अपूर्ण असं दिसत असेल, तर कुणीतरी नुकत्याच नोंदी पुसल्या असण्याची शक्यता आहे. नंतर वीस मिनिटं चढावर चालवा, खाली या, मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा आणि निळा धूर येतो का ते बघत मागे जाऊन उभे राहा. मालक बाजूला थांबला असेल. त्याला विचारा, ऑइल शेवटचं कधी बदललंत? तारीख न आठवता तो फाइल आणायला घरात गेला, तर मी थांबतो.