टपाल-हशील आणि तिकिटांचा छंद

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नार्वे येथे केलेले भाषण)



उत्सवात तुम्ही काहीतरी बोला असा निरोप घेऊन आपले चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले की मला टपालाच्या तिकिटांपलीकडे दुसरा विषय येत नाही आणि तो ऐकायला कोणी बसणार नाही. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही बोला, बसवायचे काम आमचे." तेव्हा आपण कंटाळलात तर जाब त्यांना विचारावा.

विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. परदेशी पाकीट पाठवायला जे टपाल-हशील पडते ते आता छंदिष्ट माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आहे, एवढीच तक्रार. कोणी म्हणेल, गावात नळाला पाणी नाही आणि मास्तर तिकिटांचे रडगाणे गातात. पण ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. आपल्या वाचनालयात दर रविवारी तिकिटे जमवणारी मुले बसतात, त्यांचीही आहे; आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे थोडी या गावाचीही आहे.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो. १९६१ साली मी नऊ वर्षांचा होतो. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्यानंतर दहा दिवसांनी, २९ डिसेंबरला, आपल्या टपाल कचेऱ्यांत भारतीय तिकिटे विक्रीस आली. परंतु लोकांच्या घरी उरलेली पोर्तुगीज तिकिटेही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालवून घेतली. त्या मोजक्या दिवसांत काही लखोटे असे निघाले की त्यांवर एक तिकीट गेलेल्या सरकारचे आणि शेजारी दुसरे आलेल्या सरकारचे. असा एक लखोटा काकांनी पणजीहून आमच्या घरी पाठवला होता. आईने त्याच्या पाठीवर दुकानाचा हिशेब मांडला. मी तो तांब्यातल्या पाण्यात भिजवला, दोन्ही तिकिटे अलगद सोडवून वहीत चिकटवली आणि कागद चुलीत टाकला. तिकिटे अजून आहेत. त्यांना कवडीची किंमत नाही, कारण जे मोलाचे होते ते तिकिटांत नव्हते, ती दोन्ही एका कागदावर एका शिक्क्याखाली होती यात होते. मुलांनो, हे लक्षात ठेवा: जुना लखोटा कधी भिजवू नये.

आता थोडे मागे जाऊ. पोर्तुगीज सरकारने गोव्यासाठी पहिली तिकिटे काढली ती १ ऑक्टोबर १८७१ रोजी. ती येथेच छापली. दिसायला ओबडधोबड, पण संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. ही तिकिटे मुलखापुरती चालत. येथून ब्रिटिश हिंदुस्थानात पत्र जायचे तर त्यावर ब्रिटिश हिंदुस्थानचेही तिकीट लावावे लागे. म्हणजे गोमंतकीय माणूस एका पत्राचे दोनदा पैसे मोजत असे. ही दुहेरी पट्टी १८७७ मध्ये सुटली. ती कोणा राजाच्या दयेने सुटली नाही. त्या वर्षी पोर्तुगालच्या वसाहती जागतिक टपाल संघात आल्या म्हणून सुटली.

या संघाची स्थापना ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी झाली. त्यापूर्वी प्रत्येक देशाचे प्रत्येक देशाशी वेगळे करार, वाटेतल्या देशाला वेगळा वाटा, आणि पत्राचा खर्च किती येईल हे खिडकीवरच्या कारकुनालाही लवकर सांगता येत नसे. बर्नच्या मंडळींनी एक फार शहाणपणाचा नियम केला. जो देश तिकीट विकतो त्याने पैसे ठेवावेत. ज्या देशात पत्र पोचते त्याने ते फुकट वाटावे. हिशेब कसा जुळावा? तर प्रत्येक पत्राला उत्तर येते, या विश्वासावर. आज तुमचे पत्र मी वाटले, उद्या माझे तुम्ही वाटाल. मला वाटते, राजनीतीच्या करारांत इतका भाबडा आणि इतका खरा विचार क्वचितच सापडेल. आणि तिकिटांची अदलाबदल म्हणजे दुसरे काय? मी तुला पन्नास पाठवली, तू मला पन्नास पाठव. मध्ये पैसा नाही, दलाल नाही.

पुढे १९०६ मध्ये रोमच्या बैठकीत या विचाराला जोड म्हणून उत्तराचे कूपन काढण्यात आले. परदेशी माणसाकडून उत्तर हवे असेल तर पत्रात ते कूपन घालायचे; तो आपल्या पोस्टात देऊन तिकीट घेई आणि त्याच्या खिशाला तोशीस पडत नसे. बॉस्टनच्या चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने १९२० मध्ये याच कूपनांच्या नावावर लोकांना कोट्यवधींना बुडवले ही गोष्ट निराळी. त्यात कूपनाचा दोष नव्हता. माझ्या पिढीच्या पत्रमैत्रीला त्याचा मोठा आधार होता. ब्रिटनने २०११ च्या अखेरीस त्यांची विक्री बंद केली, अमेरिकेने जानेवारी २०१३ मध्ये.

बर्नचा विश्वास कधी ढळला? काही देश पत्रे फार पाठवू लागले आणि काही नुसती वाटत बसले. तेव्हा १९६९ मध्ये तोकियोच्या बैठकीत ठरले की ज्याच्याकडे टपाल जास्त येते त्याला वाटपाबद्दल काही द्यावे. ते न्याय्यच होते. पण नंतर पाकिटातून पत्राऐवजी माल जाऊ लागला. चीनमधून निघालेली लहान पुडकी अमेरिकेत इतक्या स्वस्तात पोचू लागली की तिथल्या तिथे पाठवणे महाग. अमेरिकेने २०१८ मध्ये संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हाला तडजोड झाली आणि अशा लहान पुडक्यांच्या वाटपाचे दर ठरवण्याची मोकळीक देशांना मिळाली. व्यापाऱ्यांच्या या भांडणात संग्राहक चिरडला गेला. त्याच्या पाकिटात वीस ग्रॅम जुना कागद असतो, पण तो पत्र नव्हे, म्हणून तो माल.

आपल्याकडचे सांगायचे तर भारतीय टपालखात्याने परदेशी जाणाऱ्या लहान पुडक्यांची सेवा बंद केली. समुद्रमार्गे जाणारे स्वस्त पत्रटपालही बंद झाले. आता माल म्हणून काही पाठवायचे तर ठावठिकाणा कळणाऱ्या पाकिटाने, पार्सलाने किंवा स्पीड पोस्टाने, आणि तिथे गोष्ट काहीशे रुपयांवर जाते. २०२५ साली अमेरिकेने स्वस्त मालावरची करमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली आणि आपले तिकडे जाणारे बहुतेक टपाल १५ ऑक्टोबरपर्यंत अडकून पडले. तिकडच्यांनाही सुख आहे असे नाही. अमेरिकेतून परदेशी साधे पत्र २०१३ मध्ये १ डॉलर १० सेंटला जात होते, जुलै २०२५ पासून त्याला १ डॉलर ७० सेंट पडू लागले. डेन्मार्कच्या सरकारी टपालाने तर चारशे वर्षांनी, २०२५ च्या अखेरीस, पत्रे वाटण्याचे काम सोडूनच दिले.

आपल्या मुलांचे काय झाले ते सांगतो. आमच्या रविवारच्या वर्गातील एका सातवीतल्या मुलीने पोलंडमधील एका मुलाशी अदलाबदल ठरवली. तीस तिकिटे, नीट पारदर्शक पिशवीत घातलेली, वर पत्र. मी तिच्याबरोबर एका टपाल कचेरीत गेलो. खिडकीवर विचारले, "कागदपत्र की माल?" मी म्हटले, तिकिटे. "कसली?" "वापरलेली." "मग त्यांची किंमत काय लिहू?" या प्रश्नाला मी साठ वर्षांत उत्तर शोधू शकलो नाही, तिथे खिडकीपाशी काय देणार? शेवटी जो आकडा सांगण्यात आला तो ऐकून मुलीने पाकीट परत दप्तरात घातले. मी देतो म्हटले तर म्हणाली, "नको सर, तिकिटांपेक्षा जास्त होतात." तिचा हिशेब बरोबर होता. कारकुनाचेही काही चुकले असे मी म्हणणार नाही; नियम त्याने केलेले नाहीत.

ज्याच्यापाशी पैसा आहे त्याचे अडत नाही. तो लिलावात बोली लावतो, विमा उतरवतो, माल घरपोच आणवतो. टपालाची सारी थोरवी यात होती की तिथे असा भेद नव्हता. हिंदुस्थानात १८५४ मध्ये पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा ठरला, अंतर कितीही असो. सावकाराच्या पत्राला तोच अर्धा आणा आणि कुळाच्या पत्रालाही तोच. तिकिटांचा छंद त्याच समतेवर उभा राहिला. नाणी जमवणे हा पहिल्यापासून श्रीमंताचा शौक. आपल्या सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख कोरलेली, सिंहाची मुद्रा असलेली कदंब राजांची सोन्याची नाणी जाणकारांना ठाऊक आहेत. अशी वस्तू साध्या लखोट्यात घालता येत नाही, आणि शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या कायद्यामुळे परवान्यावाचून देशाबाहेरही जात नाही. तेव्हा नाण्यांचा मोह आम्ही धरला नाही. पोर्तुगीज सरकारने १९५९ मध्ये गोव्याच्या तिकिटांवर जुन्या नाण्यांची चित्रे छापली होती, तेवढ्यावर आमची हौस भागली.

आता गावाचा संबंध. पोर्तुगालमधील एका गृहस्थांशी माझा तीसेक वर्षांचा पत्रव्यवहार आहे. आम्ही एकमेकांना कधी पाहिले नाही. त्यांना मराठी येत नाही, माझे पोर्तुगीज दुसरीच्या पुस्तकापुढे गेले नाही. मोडक्या इंग्रजीत चालते. त्यांचे वडील १९६१ पर्यंत गोव्यात नोकरीला होते. परतताना त्यांनी इतर सामानाबरोबर पत्रांची एक पेटी नेली. त्या पेटीत डिचोलीच्या शिक्क्याची काही पाकिटे आहेत. पत्ते नार्वे, मये, दिवाडी अशा गावांचे. आणि त्यांत एक लखोटा दोन सरकारांच्या तिकिटांचा आहे, जसा मी चुलीत टाकला तसा. त्यांनी मला त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. घरच्यांना वाटले, कोणी वारले.

त्या गृहस्थांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. मुलांना या कागदांत गोडी नाही. ते लिहितात, "हे तुमच्या नदीकाठचे आहे, तुमच्याकडे जावे. किंमत मला नको." मात्र नोंद करून, ठावठिकाणा लागेल असे पाठवायचे तर बाजारात त्या पाकिटांचे जे येईल त्याहून खर्च अधिक, आणि इकडे कस्टममध्ये काय होईल ते वेगळेच. साध्या टपालाने पाठवायला त्यांचे मन धजत नाही, माझेही नाही. त्यांनी खर्च सोसावा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी पाठवतो म्हटले तर त्यांना तो अपमान वाटतो. अशा भिडेत दोन वर्षे गेली. या अवधीत त्यांना एकदा इस्पितळात राहावे लागले. त्या पेटीचे काय होईल या काळजीने माझी झोप उडाली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही, जरी आधी माणसाची काळजी वाटायला हवी होती.

या कागदांत आहे तरी काय, असे आपण विचाराल. शेणाईची साल वाहून गेली, मुंबईला पैसे पाठव, मुलीचे ठरले, अशाच गोष्टी असणार. पण नदीच्या या आणि त्या काठावरची माणसे एकमेकांना काय लिहीत होती याचे कागद आपल्याकडे किती उरले आहेत? १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला हे आपण जाणतो, कारण ते दगडावर कोरलेले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी दगडावर कोरले नाही. त्यांचे जे काही असेल ते कागदावर, आणि कागद पुष्कळसा चुलीत गेला किंवा परदेशी गेला.

म्हणून विश्वस्तांपुढे दोन विनंत्या ठेवतो. एक, वाचनालयाच्या खर्चात मुलांच्या परदेशी टपालासाठी थोडी रक्कम दरवर्षी वेगळी ठेवावी. दहा मुलांची दहा पाकिटे निरनिराळी न पाठवता, एका देशाला वर्षातून एकच पाकीट जावे आणि तिकडच्या एखाद्या शाळेने ते वाटून घ्यावे. असे केल्यास खर्च झेपेल. दुसरी विनंती आपणा सर्वांना. आपली मुले आज लिस्बनला आहेत, लंडनला आहेत, आखातात आहेत. ती सुट्टीत येतात तेव्हा चॉकलेट आणतात. त्यांच्या बॅगेत एका पाकिटापुरती जागा आम्हाला द्यावी. टपाल सुरू होण्यापूर्वी माणसे वाटसरूच्या हाती चिठ्ठी देत, तिथेच आम्ही येऊन पोचलो आहोत याचे मला हसू येते. पण उपाय दुसरा दिसत नाही.

यातला दुसरा उपाय मी न विचारता सुरू केला आहे, त्याची क्षमा असावी. पेडण्याकडचा एक तरुण लिस्बनमध्ये हॉटेलात कामाला आहे. तो चतुर्थीला घरी येणार आहे. गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी तो गाडीने त्या गृहस्थांच्या गावी जाऊन आला. त्यांनी त्याला जेवू घातले, पेटी उघडून दाखवली आणि पाकिटे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून दिली. भार तीनशे चाळीस ग्रॅम भरला. चतुर्थीनंतरच्या पहिल्या रविवारी ती वाचनालयात पाहायला मिळतील; हात धुऊन यावे.