रयतेचा पैसा आणि महामंडळाची वही
(शिराळा येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही सरकारी अंदाजपत्रकावर बोलणार, हे ऐकून मागच्या रांगेतील काही मंडळी उठण्याच्या बेतात दिसतात. त्यांनी घटकाभर बसावे. अंदाजपत्रक म्हणजे काही पंचांग नव्हे, की ते भटजीनेच उघडून वाचावे. पेरणीआधी बियाणे किती, खत किती, देणे किती, याचा मेळ प्रत्येक कुणबी बोटांवर घालतो. सरकार तोच मेळ कागदावर घालते. फरक इतकाच, की आपला मेळ चुकला तर आपण उपाशी राहतो, आणि सरकारचा चुकला तरी आपणच राहतो.

लोहार-कुंभार बांधव म्हणतील, आम्हांस जमीन नाही, सारा नाही, आमचा यात काय संबंध? बाबांनो, तुम्ही भट्टीसाठी कोळसा घेता, लोखंडाची पट्टी घेता, त्या प्रत्येक पावतीत कर आहे. पावती न घेता माल घेतला तरी किमतीत तो असतोच. तेव्हा तिजोरीत तुमचाही पैसा आहे.

ही गोष्ट महात्मा जोतीराव फुल्यांनी फार आधी ओळखली होती. १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकलफंड पक्का झाला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जास्त घ्यावा आणि त्यातून रस्ते व शाळा कराव्यात, असे ठरले. आणा कुणब्याने दिला, पण शाळेत कुणब्याचे पोर किती गेले? हाच सवाल जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडला. त्याआधी ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव मंजूर झाला. पण मंजुरीच्या वेळी कोणी तरी उभे राहून, पैसा कोणाचा, हे विचारले, याची नोंद राहिली.

पुढे १९१९ च्या सुधारणा आल्या. आपल्यातले भास्करराव जाधव मंत्री झाले, याचा सातारा-कोल्हापूरकडील सत्यशोधकांस केवढा अभिमान! परंतु शाळा मंत्र्याकडे आणि तिजोरीचे खाते गव्हर्नरच्या राखीव कप्प्यात, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असल्यावर घरधनी म्हणवून काय उपयोग?

१९५० च्या राज्यघटनेने किल्ली आपल्या प्रतिनिधींच्या हाती दिली. कलम २०३ प्रमाणे खर्चाच्या मागण्या विधानसभेच्या मतास टाकाव्या लागतात. कलम २६६ प्रमाणे कायद्यावाचून राज्याच्या संचित निधीतून पैसा काढता येत नाही. दरवाजा भक्कम झाला. पण वाड्यास मागचे दारही असते, आणि आज आम्हांस त्या दाराविषयीच सांगावयाचे आहे.

आपली वारणा पाहा. चांदोलीस ३४.४० अब्ज घनफुटांचे धरण आहे. त्यासाठी गावे उठली, लोक विस्थापित झाले. आणि खाली शिराळ्याच्या उंच माळावरील शेतकरी मात्र पावसाकडे डोळे लावून बसला. त्याच्यासाठी वाकुर्डे बुद्रुकची उपसा योजना निघाली. वारणेचे पाणी उचलून शिराळा, वाळवा व कऱ्हाड तालुक्यांस द्यावयाचे. ती किती वर्षे रेंगाळली, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. योजनेचे नाव ऐकून लग्न झालेल्या मुली आज आज्या झाल्या आहेत.

ही कामे महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे गेली. त्याचा जन्म १९९६ च्या कायद्याने झाला. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. म्हणून पाणी लवकर अडवण्याची घाई झाली. घाई रास्त होती. तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता, म्हणून महामंडळाने लोकांस रोखे विकून पैसा उभारावा आणि सरकारने हमी द्यावी, अशी तोड निघाली. पुढे विदर्भ, तापी, कोकण व गोदावरी-मराठवाडा अशी आणखी चार महामंडळे झाली.

आता मर्म ऐका. सरकार स्वतः कर्ज काढते तेव्हा ते त्याच्या अंदाजपत्रकात दिसते, आमदार त्यावर बोलू शकतो. महामंडळ कर्ज काढते तेव्हा ते महामंडळाच्या वहीत राहते. थोरल्या भावाने धाकट्याच्या नावावर उचल घ्यावी आणि आपल्या नावे पै नाही म्हणून मिरवावे, त्यातला प्रकार. रोख्यांची मुदत भरली तेव्हा पाणीपट्टीतून ते फिटणे शक्यच नव्हते. पैसा सरकारी तिजोरीतूनच द्यावा लागला. म्हणजे उचल घेताना रयतेस विचारले नाही आणि फेड मात्र रयतेच्या करातून झाली. २०१२ साली सिंचनाच्या खर्चावरून राज्यभर ओरड झाली, श्वेतपत्रिका निघाली, माधव चितळे यांची चौकशी समिती बसली, २०१४ मध्ये तिचा अहवाल आला. इतका गवगवा झाला तो पैसा खर्च झाल्यावर!

कायदा दुबळा आहे काय? तसे नाही. महामंडळाने दरसाल अंदाजपत्रक करावे, हिशेब तपासून घ्यावेत, अहवाल विधिमंडळापुढे जावा, हे सर्व कायद्यात आहे. पण तो अहवाल मागणारे कोण? पूर्वी कुलकर्णी वही लपवी, म्हणून आपण त्यास शिव्या दिल्या. आज मक्तेदार, सभासद, पुढारी पुष्कळसे आपल्याच जातीपातीचे आहेत, म्हणून वही मागण्यास आपणांस संकोच वाटतो. आम्हांसही वाटला, हे कबूल करतो. ग्रामसभेत जमाखर्च वाचावयास घेतला, की आम्हीच चहासाठी उठत आलो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील शेकडा पंधरा मागासवर्गीयांसाठी आणि शेकडा दहा महिला-बालकांसाठी खर्चावेत असा नियम आहे. ते कोठे गेले, हे विचारणारी एखादी बाई निघाली तर तिच्याकडे बघून हसणारेही आम्हीच.

तेव्हा काम सोपे करू. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम चार आहे. प्रत्येक सार्वजनिक कचेरीने आपल्या हाताखालील यंत्रणांस दिलेले अंदाजपत्रक, योजलेला खर्च व वाटलेला पैसा स्वतः होऊन प्रसिद्ध केला पाहिजे. न केल्यास दहा रुपयांचा अर्ज पुरे. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेही माफ. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. माहिती कशास हवी, हे विचारण्याचा अधिकाऱ्यास हक्क नाही.

वाकुर्डे योजनेविषयी आम्ही तीनच गोष्टी मागणार आहोत. पहिल्या मंजुरीची रक्कम किती व आजची सुधारित रक्कम किती? प्रत्येक सालात तरतूद किती होती व प्रत्यक्ष खर्च किती? कोणत्या गावाच्या किती क्षेत्रास पाणी द्यावयाचे ठरले व किती क्षेत्रास दिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही आपल्या बांधावर उभे राहून ताडून पाहू शकता. तेथे तुमच्याहून मोठा हिशेबतपासनीस कोणी नाही.

अर्जाचे कागद आणले आहेत. सभा संपल्यावर येथेच लिहावयास बसू. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे, आमच्यातील कोणीही उतरून देईल. मायभगिनींनी आधी यावे, त्यांस घरी जाऊन चूल पेटवावयाची आहे.