गमतीचा तंबू



अध्यक्षपदाची ही सनद एका दिवसाची आहे आणि उद्या ती परत करावयाची असल्यामुळे, समाजाच्या प्रगतीचा आढावा घेण्याचे शिष्टसंमत काम मी इतरांवर सोपवून, गेल्या नाताळापासून प्रत्येक सभेत 'वेळेअभावी' तहकूब होत आलेला विषयच आज काढणार आहे. तो तंबू आपण कोणीही विसरलेला नाही. आपल्या फनफेअरमध्ये, हाउझीच्या मांडवाला लागून, पोपटाचा पिंजरा आणि चिठ्ठ्यांची चवड मांडून भविष्यकथन सुरू झाले. मी हरकत घेतली तेव्हा 'काका, गंमत आहे' असे उत्तर मिळाले, आणि इतिवृत्तात ती हरकत 'सूचना' म्हणून नोंदविली गेली!

१९९२ सालच्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २११६व्या परिच्छेदात जन्मपत्रिका, हस्तसामुद्रिक, शकुन ही सारी मंडळी एकाच पंक्तीत बसवून त्याज्य ठरविली आहेत. करमणुकीपुरती सवलत देणारे पोटकलम मला तेथे आढळले नाही. पोप सिक्स्टस पाचवे यांनी तर १५८६ सालीच भविष्य वर्तविणाऱ्या ज्योतिषाविरुद्ध हुकूमनामा काढला होता.

यावर आमच्यातील काही कायदेपंडित, ज्यांना बायबलमधील 'अनुवादा'च्या अठराव्या अध्यायापेक्षा शासकीय राजपत्र अधिक मुखोद्गत आहे, सांगतात की २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांचा सल्ला स्पष्टपणे वगळला आहे. वगळला असेल, पापनिवेदन आपण मंत्रालयात करीत नाही. ज्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी आयुष्य वेचले आणि ज्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यांचा छुपा अनुयायी म्हणून मला हिणविले जाते. मला त्यात अपमान वाटत नाही, परंतु आमची फिर्याद निराळी आहे. दाभोलकर पुरावा मागत. जयंत नारळीकर यांच्यासमवेत २००८ साली घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांची उत्तरे सुमारे ४६ टक्केच बरोबर निघाली, म्हणजे नाणेफेकीहूनही किंचित कमी. ती सर्वच्या सर्व बरोबर निघाली असती, तरी माझी हरकत तसूभरही मागे आली नसती.

कारण फिलिप्पैतील ती भविष्य सांगणारी दासी संत पौलाविषयी जे ओरडत होती, ते खरेच होते. तरीही पौलाने तिच्यातील आत्म्याला घालवून दिले, आणि तिच्या धन्यांनी पौल व सीला यांना अधिकाऱ्यांपुढे ओढून नेले तेव्हा फिर्यादीत नाव रोमी रिवाजांचे असले, तरी दुखणे बुडालेल्या मिळकतीचे होते. आता आपले जमाखर्चाचे पान उघडा. त्या तंबूच्या समर्थनार्थ मला ऐकविलेला एकमेव युक्तिवाद असा, की सर्वांत अधिक जमा तेथेच झाली! खजिनदार माझे स्नेही आहेत, त्यांनी हिशेब चोख ठेवला. परंतु ज्यांनी त्यांना ही युक्ती सुचविली, ते आता दुसऱ्या रांगेत बसून माझ्याच भाषणाला टाळ्या देत आहेत.

आमच्या बालपणी मिरजेस दारी नंदीबैलवाला येई. गुबूगुबू आवाज कानी पडताच आम्ही मुले धावत सुटू. आजी सुपातून जोंधळे आणून त्याच्या झोळीत घाली, बैलाच्या पाठीवरून हात फिरवी, मात्र पाऊस पडेल का, बाळ पास होईल का, असा एकही प्रश्न त्या मुक्या जनावराला कोणास विचारू देत नसे. धान्य माणसाच्या भुकेसाठी होते आणि उद्याचा दिवस देवाचा होता, एवढे धर्मज्ञान तिला अक्षरओळखीवाचून होते. पहाटेचा पिंगळा असो वा दारोदार हिंडणारा कुडमुडे जोशी असो, त्याच्या पोटावर पाय देण्याचा विचारही मला शिवत नाही. त्याची विद्या त्याच्या भाकरीशी बांधलेली आहे. आमच्या तंबूत मात्र कोणी उपाशी नव्हते. तेथे होती ती नुसती हाव: मुलाला परदेशी नोकरी लागेल का, शेजाऱ्याचा दावा फसेल का, हे देवाच्या पाठीमागून पाहून घेण्याची, आणि तीही हसत हसत, म्हणजे कोणी जाब विचारू नये.

दुपारच्या सत्रात त्या तंबूविरुद्धचा माझा ठराव पुनश्च येत आहे. तो वेळेअभावी तहकूब होणार नाही, कारण घड्याळ आज माझ्यासमोर आहे. विरोध करणाऱ्यांनी उभे राहून, आपले नाव सांगून विरोध करावा.