ऑप्टिमस प्राइम एमपी-१०: एकच घ्यायचा तर हाच

आज रिव्ह्यूला आहे ताकारा टोमीच्या मास्टरपीस सिरीजमधला एमपी-१०, म्हणजे २०११चा ऑप्टिमस प्राइम.

याआधी २००३ मध्ये एमपी-१ आला होता. मोठा आणि धातूमुळे चांगलाच जड. एमपी-१० त्यापेक्षा लहान, साधारण २५ सेंटीमीटर. का? तर बाकीच्या गाड्या त्याच्या शेजारी शोभाव्यात म्हणून. २०१२ची एमपी-१२, ती लाल लॅम्बोर्गिनी, याच्या ट्रेलरमध्ये चक्क आत बसते!

ट्रान्सफॉर्मेशन दोन-तीनदा केलं की हाताला बसतं. बंदूक घडी होऊन पाठीत जाते, छाती उघडली की आत मॅट्रिक्स. ट्रेलर उघडला की कॉम्बॅट डेक तयार.

आता तुम्ही म्हणाल, २०१९चा एमपी-४४ आहे की. आहे, आणि दिसायला तो थेट कार्टूनमधून उतरलाय. पण बारीक पॅनल इतके, की ट्रक करायचा म्हटलं तर निवांत वेळ काढावा लागतो. मग तो शेल्फवरच उभा राहतो. ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि ट्रान्सफॉर्मच करायचा नाही, मग पुतळा काय वाईट?

सेकंडहँड घेत असाल तर मॅट्रिक्स, कुऱ्हाड, रोलर आणि छोटा स्पाइक आहेत का, ते आधी विचारा. सांधे हलवून दाखवणारा व्हिडिओ मागा. शिवाय पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटोही मागा, कारण याच्या नकली कॉपी भरपूर आहेत आणि काही तर मूळ फिगरपेक्षा मोठ्या. पैसे त्यानंतरच पाठवा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!