फौजीची बायको आणि कंपनीतला तरुण साहेब

(सातारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातारा तालुक्यातलं अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. आपल्या या पट्ट्यात गल्लीआड एक फौजी सापडतो. गावात त्याच्या शौर्याचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. पण जी बाई वर्षानुवर्षं सासरी शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि पोरं सांभाळते, तिची नोंद कुठे होते?

फौजेच्या बोलीत जवानाच्या बायकोला 'फॅमिली' म्हणतात. "फॅमिली आणली", "फॅमिली गावी ठेवली." लष्कराला ही बाई दिसते ती नवऱ्याच्या कागदातून. लग्नाची माहिती जवानाने दिली की युनिटमधून 'पार्ट टू ऑर्डर' निघते आणि तिचं नाव रेकॉर्डला चढतं. दवाखाना, कँटीनचं कार्ड, क्वार्टर आणि वेळ आलीच तर फॅमिली पेन्शन, या सगळ्याचं मूळ तो कागद. नवऱ्याने माहितीच दिली नाही, तर गावादेखत लग्न लागलेली बाई फौजेच्या लेखी नसतेच.

या कागदाच्या सर्वांत जवळ असतो कंपनीतला तरुण अधिकारी, म्हणजे लेफ्टनंट किंवा कॅप्टन. वय पंचविशीच्या आसपास, पुष्कळदा अविवाहित. जवानांची घरची अडचण ऐकणं हे त्याच्या कामातच येतं. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. रजेवर जाताना आणि परत आल्यावर त्याची विचारपूस करायची पद्धत आहे. "घर में सब ठीक?" "ठीक है साहब." संपलं! घरची हकिगत फक्त घरधन्याकडून ऐकली, तर घरात सगळं ठीकच असणार. आपलं म्हणणं एवढंच आहे, की या साहेबाने बाईचं म्हणणं नवऱ्याला मध्ये न घालता ऐकावं. ही दयेची गोष्ट नाही, त्याच्या कर्तव्याचा भाग आहे.

त्याला करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगते.

पहिली, लग्न झालेल्या प्रत्येक जवानाच्या कागदावर बायकोचं आणि मुलांचं नाव चढलं आहे का, हे त्याने स्वतः पाहावं. जवानाचा नंबर, युनिटचा पत्ता आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी बायकोच्या हाती पोचवावी. कित्येक जणींना '५६ एपीओ'पलीकडे काही ठाऊक नसतं.

दुसरी, बाईचं तक्रारीचं पत्र आलं, तर ते जवानाच्या हातात देऊन "निपटाओ" म्हणू नये. तो रजेवर आल्यावर ते पत्र तिच्या पाठीवर निपटतं. पत्राची नोंद व्हावी, तिला पोच मिळावी आणि ते कमांडिंग ऑफिसरपर्यंत जावं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फौजीच्या घरालाही लागू आहे.

तिसरी गोष्ट पोटगीची. आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम २८ प्रमाणे दिवाणी किंवा महसुली न्यायालयाला जवानाचा पगार जप्त करता येत नाही. नवरा कलमाचा आधार घेऊन निर्धास्त बसतो आणि परित्यक्ता बाई कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. पण त्याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये बायको आणि मुलांच्या निर्वाहासाठी जवानाच्या पगारातून कपात करण्याची तरतूद आहे. मूल औरस असो वा अनौरस, कायदा भेद करत नाही. बाईने युनिटकडे अर्ज करायचा. जवानाचं म्हणणं मागवून वरचे अधिकारी निर्णय देतात. ही वाट आहे, हे कंपनीतल्या साहेबाने तिला सांगायला हवं. अर्ज टेबलावर पडून राहिला, की तिच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो.

चौथी, जवान गेल्यानंतरची. दुःखाच्या त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, आणि कागदांवर सह्या सासऱ्या-दिरांच्या देखत होतात. साहेबाने विधवेशी वेगळं बसून, तिच्या भाषेत, कोणता पैसा कोणाच्या नावे आहे हे सांगावं आणि मगच सही घ्यावी. म्हाताऱ्या आईबापांनाही आधार हवा, पण तो तिला अंधारात ठेवून नको. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने पुन्हा लग्न केलं, तर तिचा पदकाचा भत्ता चालू राहण्यासाठी ते लग्न दिराशीच व्हावं, अशी अट होती. ती २०१७ साली काढली गेली. बाईने कोणाशी लग्न करावं हे सरकारी कागद ठरवत होता, आणि तेही इतकी वर्षं!

काही जणी म्हणतील, फौजेचं अंतर्गत वेल्फेअर आहे की. आहे, आणि त्याचा उपयोगही होतो. पण तिथे साहेबांच्या पत्नी व्यासपीठावर आणि जवानांच्या बायका सतरंजीवर असतील, तर मार खाल्लेली बाई तिथे उठून बोलेल का? नवऱ्याचा हुद्दा बायकांनाही चिकटतो. म्हणून बाहेरच्या संघटनेची गरज आहे.

तेव्हा आपलं काम काय? आपापल्या गावात गावी राहणाऱ्या फौजी बायकांची यादी करा. लग्नाची नोंद, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याचा नंबर आणि युनिट, हे कागद तिच्याकडे, तिच्या पेटीत असू द्या. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान असेल, तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. रजेवर आलेला एखादा तरुण अधिकारी गावात असेल, तर त्याला बैठकीला बोलवा आणि बायकांना त्याच्याशी थेट बोलू द्या. यातले पुष्कळ जण ऐकतील. कोणी समोर बसून विचारलंच नसेल, तर त्यांना तरी कसं कळणार?

सीमेवरच्या माणसाला घराची काळजी नसावी, असं सगळेच म्हणतात. घरातल्या बाईलाही त्या माणसाची भीती नसावी, हे आपण म्हणू या. दोन्ही गोष्टी एकाच साहेबाच्या कामात येतात, हे त्याला सांगायला आपण जाऊ या.