झाडीपट्टीच्या मंडपातून मारव्याकडे

वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळांचे प्रयोग रात्रभर पाहणाऱ्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला ऑर्गन-तबल्याची साथ नवी नाही. मग शास्त्रीय संगीत आपलं नाही, असं त्यानं का मानावं? त्याच्यासाठी नाटकाचीच वाट सोपी.

‘कट्यार काळजात घुसली’ ऐका. हे 1967 चं नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींचं. त्यात एकच पद पंडितजी आणि खाँसाहेब ही दोन गायक पात्रं वेगवेगळ्या रागांत गातात: एकाची चाल धानीत, दुसऱ्याची सालगवराळीत. रागानं शब्दांचा चेहरा कसा पालटतो, हे कळायला याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

खाँसाहेब साकारणारे डॉ. वसंतराव देशपांडे आपल्या विदर्भाचेच. जन्म मूर्तिजापूरचा, 1920 चा. सुरुवातीची तालीम नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून त्यांनी मारवा राग घेतला. सैन्याच्या लेखा विभागातली नोकरी सांभाळून हा माणूस गात राहिला, हेही ऐकताना आठवावं.

आता त्यांचा मारवा मिळवा. या रागात पंचम, म्हणजे ‘प’, नाही आणि षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, गायक फार रेंगाळत नाही. म्हणून ती हुरहूर. वेळ मात्र सूर्यास्ताचीच निवडा.